कान्होबाचा वाटा

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय तसा रुक्ष आहे. घरकर्जाचे हप्ते थकलेल्या माणसाला सरकारनं मदत करावी की करू नये? मी कविता लिहिणारा माणूस. बी.ए.ला अर्थशास्त्र दुय्यम विषय होता, तेवढीच आकड्यांशी ओळख. मग या विषयावर मी का बोलावं? कारण हा वाद मी आमच्या इमारतीच्या जिन्यात ऐकला आहे. नुसता ऐकला नाही, त्यात हिरिरीनं भाग घेतला आहे आणि तो जिंकलोही आहे. त्या जिंकण्याची चुटपुट अजून गेलेली नाही.

सोलापुरात आमची तीन मजली इमारत आहे. पहिल्या मजल्यावर मी. एका अनुदानित महाविद्यालयाच्या ग्रंथालयात लेखनिक आहे. दुसऱ्या मजल्यावर अण्णा. त्यांचा मंडप-डेकोरेशनचा धंदा. तिसऱ्या मजल्यावर आमच्या बाई. त्यांनी आयुष्यभर खासगी बालवाडीत शिकवलं, त्यामुळे पेन्शन नाही. यजमान गेल्यावर हाती आलेली रक्कम त्यांनी बँकेत ठेव म्हणून ठेवली आणि तिच्या व्याजावर त्यांचं घर चालतं. म्हणजे बघा, एकाच जिन्यावर तीन माणसं. एक पगारातून हप्ता भरणारा, एक धंद्यातून हप्ता भरणारा आणि एक अशी, जिच्या ठेवीतूनच बँक आम्हा दोघांसारख्यांना कर्ज देते. या वादाला लागणारी सगळी मंडळी घरातल्या घरात!

२०२०चा मार्च महिना तुम्हा सर्वांना आठवत असेल. टाळेबंदी लागली. मंडपवाल्याचं वर्ष म्हणजे खरं तर एप्रिल आणि मे. त्या दोन महिन्यांच्या लगीनसराईवर बाकीचे दहा महिने चालायचे. अण्णांच्या गोदामात कनाती, खुर्च्या, झुंबरं पडून राहिली. आगाऊ घेतलेले पैसे लोक परत मागायला आले.

२७ मार्चला रिझर्व्ह बँकेनं जाहीर केलं, की कर्जाचे हप्ते बँकांना तीन महिने पुढे ढकलता येतील. मे महिन्यात ही मुदत आणखी तीन महिन्यांनी, ३१ ऑगस्टपर्यंत वाढवण्यात आली. 'मोरॅटोरियम' हा अवघड शब्द तेव्हा चहाच्या टपरीपर्यंत पोहोचला. अण्णांनी त्याचं सोपं मराठी केलं होतं. ते म्हणायचे, "सहा महिने सुट्टी."

पण ही सुट्टी हप्त्याला होती, व्याजाला नव्हती. थोडा हिशेब सांगतो. कंटाळू नका, सगळा वाद या हिशेबातच आहे. समजा, कर्जापैकी २० लाख रुपये अजून फेडायचे आहेत, व्याज ८ टक्के आहे आणि पंधरा वर्षं उरली आहेत. महिन्याचा हप्ता येतो १९ हजार ११३ रुपये. त्यातले १३ हजारांहून अधिक पहिल्या महिन्यात नुसते व्याजातच जातात. आता सहा महिने काहीच भरलं नाही, तर सुमारे ८१ हजार ३०० रुपये व्याज मुदलात मिसळतं. त्यानंतर हप्ता तेवढाच ठेवला, तर पूर्वी १८० हप्ते उरले होते, ते आता जवळजवळ १९५ होतात. सहा हप्ते थांबले आणि पंधरा वाढले! अण्णांचं कर्ज साधारण याच मापाचं होतं.

हे त्यांना कळलं सप्टेंबरमध्ये, बँकेतून खातेउतारा आणल्यावर. तो कागद हातात धरून ते जिन्यात उभे होते. मी कामावरून येत होतो. ते म्हणाले, "भाई, हे काय ओ? धंदा मी बंद केला नव्हता. त्यांनी बंद करायला लावला. मग निदान व्याज तरी सरकारनं सोसायला पाहिजे की नाही?"

आज मला वाटतं, की मदतीच्या बाजूनं याहून सरळ युक्तिवाद मी कुठे वाचलेला नाही. धंदा बुडाला तो चुकीनं नव्हे, आळसानं नव्हे, जुगारानं नव्हे. सगळ्यांच्या जिवासाठी तो बंद ठेवायला सांगितला गेला. ज्या गोष्टीचा फायदा सगळ्यांना, तिचा भार एकट्यानं का उचलायचा?

पण त्या दिवशी मला तसं वाटलं नाही. मी म्हणालो, "अण्णा, कर्ज मीही काढलं आहे. मी एकही हप्ता चुकवला नाही. तुमचं व्याज माझ्या करातून कशाला जावं?" वरच्या कठड्यावरून बाईंनी विचारलं, "आणि व्याज सोडून दिलं तर माझ्या ठेवीवरचं व्याज कोण देणार?" त्यांचंही खरं होतं. ठेवींचे दर त्या वर्षी उतरत चालले होते. तिथे थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण वादात माणसाला शेवटचं वाक्य आपलं हवं असतं. आदल्या वर्षी अण्णांनी हॉलला पीओपीचं छत करून घेतलं होतं, मधोमध झुंबर लावलं होतं. मी म्हणालो, "घर झेपत नव्हतं, तर पीओपी कशाला केलंत?"

अण्णांनी कागदाची घडी घातली आणि ते वर निघून गेले. वाद मी जिंकलो.

पुढे ग्रंथालयात बसून या विषयावर जे मिळेल ते वाचत गेलो, तेव्हा गंमत कळली. मला वाटत होतं, ते वाक्य माझं होतं. तेच वाक्य अमेरिकेत अकरा वर्षं आधी बोलून झालं होतं! तिथे घरकर्जांचा डोलारा कोसळल्यावर १८ फेब्रुवारी २००९ रोजी अध्यक्ष ओबामा यांनी ॲरिझोना राज्यात मेसा या गावी ७५ अब्ज डॉलरची योजना जाहीर केली. हप्ता मिळकतीच्या ३१ टक्क्यांपर्यंत खाली आणायचा आणि तीस ते चाळीस लाख कुटुंबांची घरं वाचवायची, असा बेत होता. दुसऱ्याच दिवशी शिकागोच्या वायदेबाजारातून रिक सँटेली हा दूरचित्रवाणीवरचा भाष्यकार तावातावानं बोलला. ज्या शेजाऱ्यानं घराला एक जादा न्हाणीघर बांधून घेतलं आणि आता ज्याला बिलं भरता येत नाहीत, त्याचं कर्ज तुमच्यापैकी कुणाला फेडायचं आहे, असं त्यानं भोवतीच्या दलालांना विचारलं. दलालांनी त्याला ओरडून साथ दिली. त्या भाषणानं तिथल्या राजकारणाला एक नवं वळण मिळालं, असं पुष्कळजण मानतात. तिथे जादा न्हाणीघर, इथे पीओपीचं छत. शेजाऱ्याच्या घरातली एक वस्तू आपल्याला टोचत असते. त्याची अडचण समोर आली, की आपण नेमकी तीच वस्तू बाहेर काढतो.

त्या योजनेचं पुढे काय झालं? मिळकतीचे दाखले, अर्ज, तात्पुरता हप्ता, मग पुन्हा दाखले, असा तिचा मार्ग होता. आणि हे सगळं कर्जवसुली करणाऱ्या कंपन्यांच्याच हाती होतं. कागद गहाळ होत. तात्पुरता हप्ता भरत राहिलेल्या अनेकांना शेवटी नकार मिळाला. लक्ष्य गाठलं गेलं नाही. म्हणजे विरोधकांना वाटत होतं तशी खैरात झाली नाही आणि समर्थकांना वाटत होतं तसा आधारही मिळाला नाही.

त्याच देशात त्याआधीही एक प्रयोग झाला होता. १९३३ साली, महामंदीच्या काळात, सरकारनं एक महामंडळ स्थापन केलं. त्यानं थकलेली सुमारे दहा लाख घरकर्जं सावकारी संस्थांकडून स्वतःकडे घेतली आणि कमी व्याजाच्या, लांब मुदतीच्या हप्त्यांत बांधून दिली. माफी दिली नाही, मुदत दिली. १९५१ साली हे महामंडळ बंद झालं तेव्हा त्याच्या पदरी तोटा नव्हता, उलट थोडी शिल्लकच होती. अर्थात सगळी घरं वाचली नाहीत. शिवाय याच महामंडळानं शहरांचे नकाशे काढून वस्त्यांना रंग दिले, आणि काळ्या लोकांच्या वस्त्या लाल रंगात गेल्या. हे वाचताना मला आपल्याकडचा २००६चा सच्चर समितीचा अहवाल आठवला. मुस्लिम वस्त्यांचे काही भाग काही बँकांनी कर्ज न देण्याच्या यादीत टाकल्याचं त्यातही नमूद आहे. ज्याला कर्जच मिळालं नाही, त्याला हप्त्याची सवलत कुठून मिळणार? मदतीचा विचार करताना रांगेबाहेर कोण राहिलं, हेही पाहावं लागतं.

असो. आपल्या जिन्यात परत येऊ.

व्याजाचा प्रश्न आग्र्याच्या एका कर्जदारानं सर्वोच्च न्यायालयात नेला होता. सरकारला भूमिका घ्यावी लागली. ऑक्टोबर २०२०मध्ये केंद्र सरकारनं ठरवलं, की दोन कोटींपर्यंतच्या कर्जांवर त्या सहा महिन्यांचं व्याजावरचं व्याज सरकार भरेल. म्हणजे चक्रवाढ व्याज आणि सरळ व्याज यांतला फरक. तोही सगळ्यांना, ज्यांनी सवलत घेतली त्यांना आणि ज्यांनी नेमानं हप्ते भरले त्यांनाही. नोव्हेंबरच्या सुरुवातीला माझ्या खात्यात रक्कम जमा झाली. माझं कर्ज आठ लाखांचं उरलं होतं. मला मिळाले ५३८ रुपये. अण्णांना मिळाले १ हजार ३४५.

मला हसू आलं, आणि मग आलं नाही. मला त्या ५३८ रुपयांची गरज नव्हती. अण्णांना १ हजार ३४५नं काही होणार नव्हतं. 'भरणाऱ्यावर अन्याय नको' हे माझं म्हणणं सरकारनं तंतोतंत ऐकलं होतं, आणि त्यामुळे मदत इतकी सारखी पसरली, की जिथे खड्डा होता तिथेही ती बोटभरच पडली.

२३ मार्च २०२१ रोजी न्यायालयाचा निकाल लागला. त्या काळातलं चक्रवाढ किंवा दंडव्याज कुणाकडूनच घ्यायचं नाही, कर्ज दोन कोटींच्या वरचं असलं तरी. पण संपूर्ण व्याजमाफी देता येणार नाही, कारण बँकांना ठेवीदारांना आणि निवृत्तिवेतनधारकांना व्याज द्यायचं असतं. बाईंचा कठड्यावरचा प्रश्न देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं मान्य केला, असंच म्हणायचं!

मग मी चूक होतो की बरोबर? याचा शोध घेताना पहिल्यांदा मी माझंच खातं तपासलं. मी हप्ते चुकवले नाहीत, हे खरं. पण का? माझ्या अंगी फार सचोटी होती म्हणून? नाही. माझा पगार चालू होता म्हणून. मार्चचा पगार दोन टप्प्यांत झाला, पण झाला. आणि तो कुणाच्या तिजोरीतून? महाविद्यालय अनुदानित. म्हणजे सरकारच्या, म्हणजे अण्णा काडेपेटी घेतात तेव्हा जो कर देतात त्याच्या तिजोरीतून. शिवाय, दरवर्षी मी विवरणपत्र भरतो. जुन्या करपद्धतीत राहत्या घराच्या कर्जावरचं दोन लाखांपर्यंतचं व्याज उत्पन्नातून वजा होतं, आणि मुदलाची फेडही दीड लाखाच्या मर्यादेत बसते. ही वजावट मी वर्षानुवर्षं घेत आलो. ती सरकारी मदत नव्हे तर काय? फक्त मी तिला मदत म्हणत नव्हतो, 'टॅक्समध्ये बसतं' म्हणत होतो. अण्णांचं करपात्र उत्पन्न बेताचं. त्यांना तिचा उपयोग जवळजवळ नाही. घरवाल्यांना मदत द्यायची की नाही, हा वाद आपण घालत बसतो, तेव्हा ती आधीच चालू असते. ज्याचा पगार बरा, त्याला ती जास्त मिळते आणि बोभाटा न होता मिळते. अण्णांसारख्याला मागावी लागते, जिन्यात उभं राहून.

दुसरी गोष्ट आठवली ती वडिलांची. अब्बा आयुष्यभर भाड्याच्या दोन खोल्यांत राहिले. व्याज घेऊ नये आणि देऊही नये, या शिकवणुकीला धरून राहिले. मी कर्ज काढलं तेव्हा भीतभीतच त्यांना सांगितलं. ते रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, की व्याजाच्या मनाईबद्दल सगळे बोलतात, पण तिथेच लगेच पुढे जे सांगितलं आहे ते कुणी सांगत नाही. ऋणको अडचणीत असेल तर त्याचा हात सैल होईपर्यंत त्याला मुदत द्यावी, आणि सोडूनच दिलं तर ते देणाऱ्याच्याच भल्याचं. आधी मुदत, मग जमल्यास माफी. हा क्रम मला महत्त्वाचा वाटतो.

आणि तिसरी आठवण तुम्हा आम्हा सर्वांची. तुकोबांनी कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, हे आपण शाळेपासून ऐकतो. कीर्तनकार रंगवून सांगतात. पण गोष्ट नीट ऐकली तर तिच्यात एक बारीक तपशील आहे, तो आपण गाळतो. दुष्काळ होऊन गेला होता, घरची सावकारी होती, खतांचे कागद होते. परंपरा सांगते, की तुकोबांनी त्या कागदांचे दोन वाटे केले. धाकट्या भावाचा, कान्होबाचा अर्धा वाटा त्याच्या हाती दिला. आपला अर्धा वाटा तेवढा नदीत सोडला.

मला ही गोष्ट विलक्षण वाटते. विरक्तीच्या त्या क्षणीही त्यांनी भावाच्या वाट्याला हात लावला नाही. दया करायची ती आपल्या खिशातून. दुसऱ्याच्या वाट्याची दया ही दया नव्हे. घरकर्जाच्या वादात कान्होबा कोण? तिसऱ्या मजल्यावरच्या आमच्या बाई. बँकेला कुणी 'व्याज सोडून दे' म्हटलं, तर बँक शेवटी सोडणार कुणाचं? बाईंचं. म्हणून बँकेनं परस्पर माफ करावं, या मागणीला मी आजही विरोधच करीन. पण सरकारला स्वतःचा वाटा आहे. तिजोरीतून, अर्थसंकल्पात उघड लिहून, विधिमंडळात चर्चा करून त्यानं आपला वाटा नदीत सोडायला हरकत नाही. २०२०मध्ये सरकारनं व्याजावरचं व्याज भरलं ते असं स्वतःच्या वाट्यातून. रीत बरोबर होती, माप चुकलं.

आमच्या सोलापूरला तर या वादाचा फार जुना इतिहास आहे. १२ मे १८७५ला पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि गहाणखतं काढून जाळली. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारनं चौकशी आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कर्जनिवारणाचा कायदा आला. पुणे, सातारा, नगर आणि सोलापूर या चार जिल्ह्यांना तो लागू झाला. त्यानं कर्ज माफ केलं नाही. न्यायाधीशानं खताच्या आकड्यावर विसंबू नये, व्यवहार पहिल्यापासून उघडून पाहावा, खरं देणं किती ते ठरवावं आणि ऋणकोच्या ऐपतीप्रमाणे हप्ते बांधून द्यावेत, असं त्यानं सांगितलं. दामदुपटीचा, म्हणजे व्याज मुदलाच्या वर जाऊ नये हा नियम आपल्या परंपरेत होताच. पण याच कायद्याचा दुसरा धडाही आहे. सावकार सावध झाले. गहाणाऐवजी खरेदीखतच लिहून मागू लागले. मदत आंधळी असली की देणारा हात आखडता घेतो, आणि पुढच्या गरजवंताला दार बंद होतं. विरोधकांचं हे म्हणणं फेकून देण्यासारखं नाही.

भाडेकरूचं म्हणणंही तसंच. ज्याला स्वतःचं घर नाही, त्याच्या करातून घरवाल्याचं घर का वाचवायचं? प्रश्न रास्त आहे. त्यावर एक उत्तर ब्रिटननं शोधलं. तिथे अडचणीतल्या घरमालकाला घरकर्जाच्या व्याजासाठी सरकारी साहाय्य मिळे. २०१८पासून ते कर्जाऊ झालं. सरकार व्याज भरतं, घरावर तेवढा बोजा नोंदवतं, आणि घर विकलं जाईल तेव्हा वसूल करतं. छप्पर वाचतं, पण फुकटची मालमत्ता कुणाच्या पदरात पडत नाही. आपल्याकडे असं काही करता येणार नाही का? निदान चर्चा तरी याची व्हावी.

एवढ्या वाचनाअंती माझं मत तीन वाक्यांत मावतं. मदत सरकारच्या वाट्यातून व्हावी, ठेवीदाराच्या नव्हे. ती आधी मुदतीची असावी, आणि तारखेनं नव्हे तर माणसाच्या स्थितीनं मिळावी. आणि ती ज्याच्यासाठी आहे त्याच्यापर्यंत पोहोचावी.

हे तिसरं वाक्य मी शेवटी ठेवलं, कारण ते मला सर्वांत जड जातं.

हप्त्याची सुट्टी ३१ ऑगस्ट २०२०ला संपली. अण्णांची अडचण संपली नाही. त्या हिवाळ्यात थोडी लग्नं झाली, त्यांनी काही हप्ते भरले, खातं कसंबसं चालू ठेवलं. मग २०२१चा एप्रिल आला आणि दुसरी लाट आली. लग्न दोन तासांत आणि पंचवीस माणसांत उरकायचा आदेश निघाला. पंचवीस माणसांना मंडप कशाला लागतो? सलग दुसरी लगीनसराई गेली. कॅलेंडरवरची सवलत केव्हाच होऊन गेली होती.

पण ५ मे २०२१ला रिझर्व्ह बँकेनं आणखी एक मार्ग खुला केला होता. ज्यांचं खातं मार्चअखेर नियमित होतं, त्यांच्या कर्जाची बँक पुन्हा बांधणी करू शकत होती, मुदत दोन वर्षांपर्यंत वाढवून देऊ शकत होती. त्यासाठी ३० सप्टेंबरपर्यंत बँकेशी ठरवायचं होतं. ही बातमी वर्तमानपत्रात आली होती. आमच्या ग्रंथालयात येणारी वर्तमानपत्रं रोज मीच लावतो. मी ती बातमी वाचली. अण्णांची आठवणही झाली. पण जिन्यातल्या त्या बोलण्यानंतर आमचं बोलणं 'पाणी आलं का' एवढ्यावरच राहिलं होतं. एक मजला चढून जायचं होतं. मी वर्तमानपत्राची घडी घातली आणि चळतीत ठेवून दिली.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर अण्णा आपणहून माझ्या दारात आले. हातात बँकेची नोटीस होती. इंग्रजीत. म्हणाले, "भाई, तुम्ही शिकलेले. एवढं वाचून सांगा." मी वाचली. तीन महिन्यांहून जास्त काळ हप्ते थकले, की बँक खातं अनुत्पादक ठरवते. मग २००२च्या कायद्यानुसार साठ दिवसांची नोटीस देते. तेवढ्यात पैसे भरले नाहीत तर घराचा ताबा घेऊ शकते. मी त्यांना सगळं मराठीत समजावलं. मग घुटमळत विचारलं, "मधे उन्हाळ्यात बँकेत गेला होतात का?" ते म्हणाले, "गेलो होतो की. मला काय मागायचं तेच माहीत नव्हतं. त्यांनी उत्पन्नाचे कागद मागितले. माझ्याकडे वही आहे, कुणाचा मंडप कधी घातला त्याची. ती दाखवली. ते म्हणाले, हे चालत नाही."

मी बातमी सांगितली असती, तर बँकेनं ऐकलंच असतं, असं मी म्हणत नाही. कदाचित नसतंही ऐकलं. पण काय मागायचं ते त्यांना माहीत झालं असतं, आणि मुदतीच्या आत माहीत झालं असतं.

ताबा जाण्याआधी अण्णांनी स्वतःच घर विकलं. कर्ज फिटलं, हाती थोडं उरलं. आता ते शहराच्या दुसऱ्या टोकाला भाड्यानं राहतात. धंदा पुन्हा सुरू आहे. जाताना त्यांनी झुंबर काढून नेलं नाही. म्हणाले, भाड्याच्या खोलीत कुठे लावू?

नव्या मालकांनी ते तसंच ठेवलं आहे. संध्याकाळी त्यांचं दार उघडं असलं, की जिन्यातून ते दिसतं. बाई परवा ते पाहून म्हणाल्या, "अण्णांची निवड चांगली होती." मी हो म्हणालो.

ग्रंथालयात मी आता एक सूचनाफलक लावला आहे. कर्ज, सवलत, मुदत, व्याज अशा विषयांवरची बातमी आली, की ती कापून त्यावर लावतो आणि खाली सोप्या मराठीत दोन ओळी लिहितो: कुणासाठी आहे, शेवटची तारीख कोणती, बँकेत जाऊन नेमकं काय मागायचं. शिपाई, सुरक्षारक्षक, उपाहारगृहातली मुलं थांबून वाचतात. ही काही कविता नव्हे, पण अलीकडे माझं सर्वांत जास्त वाचलं जाणारं लेखन तेच आहे.

सरकारनं मदत करावी की नाही, यावर आपण खुशाल वाद घालू या. तो घालायलाच हवा, कारण पैसा आपल्या सगळ्यांचा आहे. फक्त वाद जिंकल्यावर एक मजला चढून जायचं राहू नये.